मदत हवी आहे: हवाईत चांगली लोकल कॉफी कुठून घ्यायची? (अर्जंट, परवा निघतोय)

मुग्धा_के
नमस्कार मंडळी, आम्ही सध्या हवाईत आहोत आणि घरी न्यायला चांगली, इथेच पिकलेली कॉफी हवी आहे. काल हॉटेलखालच्या दुकानातून एक पाकीट घेतलं, ११ डॉलर, वर मोठ्ठ्या अक्षरात कोना (इथली फेमस कॉफी) लिहिलेलं, जास्वंदीची फुलंबिलं काढलेली. रूमवर करून बघितली तर पुठ्ठा उकळल्यासारखी लागली. बाबा म्हणाले हे प्यायला एवढ्या लांब आणलंस का मला. इथे दर दहा पावलांवर दुकान आणि प्रत्येक दुकानात कॉफीची भिंतच्या भिंत, त्यातलं काय उचलायचं? शनिवारी रात्रीची फ्लाईट आहे. प्लीज लवकर सांगा, पोरं पाण्यात आहेत आणि मी एका हाताने टाइप करतेय.

बे_एरियातला
कुठल्या बेटावर आहात?

मुग्धा_के
हवाई. लिहिलंय की वर.

सह्यभटक्या
अगदी योग्य जागी आहात ताई. डोळे मिटून गाडी काढा आणि होलुआलोआला जा. कैलुआ-कोनावरून डोंगराकडे चढलं की हुआलालाईच्या उतारावर हे गाव लागतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी फार्म्स, बाहेर पाट्या लावलेल्या असतात, वाटलं तिथे थांबायचं. आम्ही गेलो होतो तेव्हा एका फार्मवर मालकीणबाईंनी स्वतः कप भरून दिला, मागे अंगणात कॉफी वाळत घातलेली, वरून ढग उतरत होते, आहाहा. तिथून दक्षिणेला कॅप्टन कुक नावाचं गाव आहे (हो, खरंच तेच नाव), तिथे एका जपानी कुटुंबाचं जुनं फार्म जसंच्या तसं म्युझियम म्हणून ठेवलंय, तेही बघून घ्या. दुकानातलं काही घेऊ नका. फार्मवरूनच घ्या, दुसरा मार्ग नाही.

मुग्धा_के
वा, मस्तच! थँक्यू!! वायकिकीपासून किती वेळ लागेल गाडीने? उद्या दुपारच्या आत परत यायला जमेल ना?

बे_एरियातला
हाहाहा. म्हणून विचारत होतो. अहो, वायकिकी ओआहू बेटावर आहे. सह्यभटक्या सांगतायत ते बिग आयलंडवर. मधे समुद्र आहे.

मुग्धा_के
पण मी तर हवाईच लिहिलं होतं ना??

बे_एरियातला
तोच घोळ आहे. राज्याचं नाव हवाई आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाचं नावही हवाई, म्हणून त्याला बिग आयलंड म्हणतात. तुम्ही "हवाई" म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटतं तिथे आहात.

पिंट्या_ऑनसाईट
मग बोटीने जाऊन या की, बेटंबेटं आहेत म्हणजे फेरी असणारच.

बे_एरियातला
नाही. सुपरफेरी म्हणून एक होती, ती २००९ मध्ये बंद पडली, आणि ती चालू होती तेव्हाही कोनाला जात नव्हती. आता होनोलुलूहून कोनाला जायचं तर विमान, पाऊण तासाचं. कॉफीसाठी चौघांची तिकिटं काढणार का?

सह्यभटक्या
मी काढली असती.

चहाप्रेमी
सुट्टीवर असताना कॅफीन कमी करायची उत्तम संधी असते. मी तीन वर्षांपूर्वी कॉफी पूर्ण सोडली, आता सकाळी कोमट पाणी आणि लिंबू. झोप सुधारली, पित्त गेलं. बघा विचार करून.

मुग्धा_के
चहाप्रेमी, प्रश्न कॉफी कुठून घ्यायची हा आहे, सोडायची कशी हा नाही.

घाणेरी_कॉफी_नको
मुग्धाताई, ते ११ डॉलरचं पाकीट अजून आहे का? जरा उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचा आणि काय लिहिलंय ते इथे टाका. किती औंस आहे तेही सांगा.

मुग्धा_के
थांबा. पुढेच आहे, खाली अगदी बारीक: १०% कोना ब्लेंड. ७ औंस. मी चक्क एक पाउंड समजले होते.

घाणेरी_कॉफी_नको
वाटलंच मला. आता नीट वाचा, बाकी कोणाचं नाही वाचलंत तरी चालेल.

हवाई राज्याचा कायदा असा आहे की ब्लेंडमध्ये किमान १०% कॉफी कोना भागातली असली की पाकिटावर कोना हे नाव लावता येतं, फक्त टक्केवारी छापावी लागते. ती ते छापतात, पण मुंगीच्या अक्षरात. उरलेली ९०% कुठलीही असू शकते, बहुतेक वेळा बाहेरून आणलेली स्वस्त कॉफी. कोनाचे शेतकरी यावर वर्षानुवर्षं भांडतायत, आता २०२४ मध्ये नवा कायदा झालाय आणि जुलै २०२७ पासून हे प्रमाण किमान ५१% करावं लागणार आहे. तोपर्यंत चष्मा लावूनच खरेदी करायची. तुम्ही प्यायलात ते नऊ भाग भलतंच काहीतरी होतं, त्याला कोनाचा नुसता वास दाखवला होता.

"कोना स्टाईल", "कोना रोस्ट", "हवाईयन ब्लेंड" असलं काही दिसलं की पाकीट परत फळीवर ठेवायचं. १००% आणि त्यापुढे जागेचं नाव, एवढंच बघायचं. दुसरं म्हणजे भाजल्याची तारीख शोधा. "बेस्ट बाय" म्हणजे भाजल्याची तारीख नव्हे, ती वर्षभर पुढची घातलेली असते. भाजून दोनतीन आठवड्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. तारीखच नसेल तर ती विकणाऱ्यालाच माहीत नाही किंवा सांगायची नाही. व्हॅनिला, नारळ, मॅकाडेमिया असल्या वासाची तर अजिबात नको, चांगल्या दाण्याला कोण कशाला अत्तर लावेल.

आता मला सांगा, कॉफी घरी कशात करता? दूध साखर घालून की काळी? दाणे हवेत की पूड? आणि नेणार कुठे, भारतात की अमेरिकेतच?

मुग्धा_के
बाप रे, मला कॉफी प्यायची आहे, पीएचडी नाही करायची. न्यू जर्सीला नेणार. पूड हवी, आमच्याकडे ग्राइंडर नाही, मिक्सर आहे. बाबा पितळेच्या फिल्टरमध्ये करतात, दूध साखर घालून.

घाणेरी_कॉफी_नको
हे आधी सांगायला काय झालं होतं! सगळं उत्तरच बदललं ना.

सह्यभटक्या
दूध साखर? कोनात? अरे देवा.

नीलाक्षी_एम
यात अरे देवा काय आहे? त्यांचे बाबा, त्यांची कॉफी. उलट मी तर म्हणेन फिल्टरमधला घट्ट डिकॉक्शन, त्यात दूध साखर घालणार असाल तर पाउंडाला ५० डॉलर मोजून कोना घेऊच नका. कोना मुळात सौम्य असते, दुधात पार हरवून जाते. त्यापेक्षा काऊची बघा. ती पण बिग आयलंडचीच, दक्षिणेकडची. १९९६ मध्ये तिथला साखर कारखाना बंद पडला तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी उसाच्या जमिनीवर कॉफी लावली आणि दहाएक वर्षांत मोठमोठ्या स्पर्धांमध्ये नाव काढलं. पण कोनाचं नाव विकलं जातं, काऊचं नाही, म्हणून काऊ थोडी स्वस्त मिळते.

सह्यभटक्या
नाव उगाच विकलं जात नाही. कोनात १८२८ पासून कॉफी आहे. सकाळी ऊन, दुपारी ढग, ज्वालामुखीची माती, हे कॉम्बिनेशन दुसरीकडे आणून दाखवा.

नीलाक्षी_एम
ज्वालामुखीची माती काऊला पण आहे हो, मौना लोआ काही फक्त कोनाच्या बाजूला नाही. आणि किमतीचं म्हणाल तर त्यातली निम्मी चवीची नाही, मजुरीची आहे. सगळं अमेरिकन मजुरीने, तिरक्या उतारावर हाताने तोडायचं. त्यात २०१० मध्ये दाणा पोखरणारा भुंगेरा सापडला, २०२० मध्ये तांबेरा आला, फवारण्या वाढल्या. शेतकऱ्याला तो भाव मिळायलाच हवा, माझं काही म्हणणं नाही. पण महाग आहे म्हणून चांगली, हे मला पटत नाही.

सह्यभटक्या
तुम्ही फार्मवर उभं राहून प्यायलात का कधी? नाही ना. मग विषय संपला.

नीलाक्षी_एम
फार्मवर उभं राहून ढगात काहीही चांगलंच लागतं.

पिंट्या_ऑनसाईट
बालीला ती मांजराच्या विष्ठेतली कॉफी मिळते म्हणतात, ती हवाईत मिळेल का? बॉसला गिफ्ट द्यायची आहे.

बे_एरियातला
पिंट्या, ते उदमांजर आहे आणि ते इंडोनेशियात. बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यात कोंबून नुसती कॉफीची फळं चारतात त्याला. बॉस आवडत नसेल तरी देऊ नकोस. आणि नवीन धागा काढ.

घाणेरी_कॉफी_नको
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? मुग्धाताई, ओआहूवरही कॉफी पिकते, हे इथे कोणी सांगतच नाहीये. उत्तरेला वाहियावा आणि हालेइवाच्या मधे वायालुआची कॉफी आहे. ती पण आधी उसाचीच जमीन, कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. जुन्या साखर कारखान्याच्या आवारात आता दुकानं आहेत, तिथे मिळते, डोल प्लांटेशन म्हणून अननसाचा मळा आहे, त्याच्या दुकानात पण मिळते. वायकिकीपासून गाडीने तासभर. तुम्ही नॉर्थ शोअरला जाणारच असाल, कोळंबीच्या ट्रकवर सगळे जातात, तर वाटेतच आहे. कमी उंचीवरची आहे, आंबटपणा कमी, दुधात छान लागते. बाबांना ही आवडेल असं माझं मत.

मुग्धा_के
नॉर्थ शोअर आम्ही मंगळवारी करून आलो. डोलला पण गेलो होतो. मुलांना अननसाचं आईस्क्रीम दिलं आणि परत आलो. हे मला मंगळवारी का नाही सांगितलंत कोणी.

बे_एरियातला
धागा आज काढलात म्हणून.

आजी_ऑनलाईन
अगं मुग्धा, शनिवारी रात्रीची फ्लाईट आहे ना? मग सकाळ मोकळी आहे. डायमंड हेडच्या पायथ्याशी कपिओलानी कम्युनिटी कॉलेज आहे, त्याच्या पार्किंगमध्ये दर शनिवारी शेतकरी बाजार भरतो, साडेसात ते अकरा. वायकिकीहून जवळच आहे. मी लेकीकडे होते तेव्हा दर शनिवारी जायचे. कॉफीवाले बसतात, चाखायला देतात, कुठल्या शेतातली, कधी भाजली, सगळं विचारता येतं. बाबांनाच घेऊन जा, त्यांनाच चाखू दे. लवकर जा, नंतर टूरवाल्यांच्या बसेस येतात. आणि चिंचेच्या आकाराची छोटी केळी दिसली तर घे, आपल्या वेलचीची आठवण येते.

घाणेरी_कॉफी_नको
आजींनी षटकार मारला. हेच करा. फक्त तिथेही पाकीट उलटं करून टक्केवारी आणि वजन बघा, बाजारात बसलाय म्हणजे स्वतःचीच विकतोय असं नसतं. पूड तिथेच करून देत असतील तर ड्रिपपेक्षा जरा बारीक सांगा, एस्प्रेसोइतकी पिठासारखी नको, पितळेच्या फिल्टरची भोकं बुजतात आणि सकाळपर्यंत थेंब पडत नाही. देत नसतील तर दाणे घ्या, मिक्सरमध्ये थांबत थांबत दोनतीन सेकंदच फिरवा, एकदम फिरवलं की गरम होऊन वास उडतो. फ्रिजमध्ये ठेवू नका.

मुग्धा_के
एअरपोर्टवर काढून घेणार नाहीत ना? काल एक बाई सांगत होत्या की फळं टाकून द्यायला लावली.

बे_एरियातला
मेनलँडला, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, जाताना शेतीखात्याची तपासणी होते, पण भाजलेली कॉफी चालते. झाडावरची लाल फळं तोडून नेऊ नका म्हणजे झालं.

नीलाक्षी_एम
आणि कोणी पीबेरी पुढे केली तर हुरळून जाऊ नका. एका फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा भरला की ती पीबेरी. शंभरात पाचेक निघतात म्हणून जास्त पैसे लावतात. दुधात काडीचा फरक कळणार नाही.

सह्यभटक्या
काळी प्या मग कळेल.

मुग्धा_के (शनिवार)
अपडेट. साडेसातला पोचलो, बाबा स्वतःहून सहाला तयार होऊन बसले होते. तीन ठिकाणी चाखली. शेवटी वायालुआची एक पाउंड घेतली बाबांसाठी, भाजल्याची तारीख मागच्याच आठवड्यातली. आणि सह्यभटक्या, तुमच्यासाठी म्हणून सांगते, १००% कोना पण घेतली, छोटं पाकीट, नवऱ्यासाठी, तो काळी पितो. किंमत त्याला सांगितलेली नाही. वायालुआ पिऊन बाबा म्हणाले चांगली आहे, पण चिकोरी मिसळून मिळते का विचार. मी विचारलं नाही. आजी, केळी मिळाली, पोरांनी तिथेच संपवली. ते ११ डॉलरचं पाकीट हॉटेलच्या रूमवर सोडून येतेय.

सह्यभटक्या
कोना फक्त काळी प्यायची हं. आणि पाणी उकळतं ओतायचं नाही, उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबायचं.

आजी_ऑनलाईन
छान झालं गं. सुखरूप पोच.

पिंट्या_ऑनसाईट
ताई निघाला नसाल तर एअरपोर्टवर मॅकाडेमियाचे डबे केवढ्याला आहेत बघून सांगाल का? बॉससाठी.