टी-शर्टच्या स्क्रीनसाठी ट्रान्सपरन्सी: इंकजेटचं रेझोल्यूशन किती ठेवू? (अर्जंट)

पिंपळपार_आर्ट
तान्हा पोळा आठ दिवसावर आला आन् मंडळाच्या ६० टी-शर्टचं काम अडकून पडलं. ड्राफ्टवर ट्रान्सपरन्सी (स्क्रीनच्या जाळीवर चित्र उतरवायची पारदर्शक शीट) काढली तं फिक्कट येते, हायवर काढली तं शाईचं डबकं साचते, रात्रभर पंख्याखाली ठेवली तरी सकाळी बोटाले लागतेच. खोक्यावर ५७६० × १४४० लिहिलं आहे पण सेटिंगमंदी आकडाच नाही, नुसतं ड्राफ्ट, स्टँडर्ड, हाय. मंग ७२०, १४४० असा आकडा टाकू कुठं? फक्त आकडा सांगा, बाकी स्क्रीनचं मले येते, ८ वर्षं झाली लग्नपत्रिका मारून रायलो. पहिले तालुक्याहून लेझर प्रिंटरवर काढलेला ट्रेसिंग पेपर आणत होतो, त्यानं दुकान बंद केलं.

बुटीबोरी_स्क्रीन
प्रिंटर कोणता? शाई कोणती? फिल्म कोणती? जाळी किती नंबरची? हे न सांगता आकडा कसा सांगू बाप्पा.

पिंपळपार_आर्ट
टाकीवाला प्रिंटर आहे, चार रंगाचा, घरोघरी असते तोच. साधी ट्रान्सपरंट शीट. जाळी ४३. आकडा सांगा ना भाऊ.

हिशोबी_माणूस
४३ म्हणजे सेंटीमीटरले ४३ धागे, इंचाले ११० च्या आतबाहेर. अशा जाळीतून १४४० चा ठिपका कोणाले दिसणार आहे? स्टँडर्डवर काढा आन् मोकळे व्हा. ५७६० चा आकडा खोकं विकायसाठी असते.

पुसदचा_पेंटर
हिशोबीभाऊ, बारीकपणाचा प्रश्नच नाही, काळेपणाचा आहे. फिल्मवरचं काळं उन्हाला अडवते का नाही एवढंच पाहायचं. हायवर डोकं जास्त वेळा फिरते, शाई जास्त पडते, काळं घट्ट येते. मी कायम हायवर काढतो.

हिशोबी_माणूस
तुम्ही काढत असाल, त्याची तं शाई वाहून चालली ना! पोस्ट पूर्ण वाचत जा.

डीटीएफ_वर्धा
एवढा कुटाणा कायले करता? डीटीएफ (फिल्मवर छापून गरम दाबानं कापडावर चिकटवायचं) करून घ्या, फुल कलर, ना जाळी ना इमल्शन (जाळीवरचा उजेडानं घट्ट होणारा लेप). ६० पीसला रेट लावून देतो, इनबॉक्स करा.

पिंपळपार_आर्ट
एका रंगाचं काम आहे हो, काळा बैल आन् खाली मंडळाचं नाव. रेट नाही विचारला मी.

निवृत्त_मास्तर
आमच्या शाळेत ओएचपी (शीटवरचं भिंतीवर मोठं दाखवणारा प्रोजेक्टर) होता तेव्हा ट्रान्सपरन्सीवर आम्ही स्केचपेननेच लिहायचो, लाइट गेली की अख्खा तास वाया. असो. तान्ह्या पोळ्यावरून आठवलं, नातवासाठी चाकवाला लाकडी बैल हवा आहे, सागवानी, प्लायचा नको. आर्वीकडे कोणी करून देतं का?

बुटीबोरी_स्क्रीन
मास्तर, वेगळा धागा काढा.
पिंपळपार, "साधी शीट" म्हणजे नेमकी कोणती? एक बाजू थोडी खरखरीत लागते का? ओठाला लावून पाहा, चिकटते का?

पिंपळपार_आर्ट
नाही चिकटत, दोन्हीकून काचेसारखी. स्पायरल बाइंडिंगले पुस्तकावर लावतो ना, तेच. घरात १०० पडून आहेत.

बुटीबोरी_स्क्रीन
हे पहिल्याच पोस्टमंदी सांगाचं होतं! त्या शीटवर कोटिंगच नाही, पाण्याची शाई मुरणार कुठं? वरून श्रावणातली दमट हवा. त्यावर ७२० असो का १४४०, शाई वाहणारच. इंकजेटसाठी कोटिंगवाली पॉझिटिव्ह फिल्म मिळते, दुकानात वॉटरप्रूफ इंकजेट फिल्म म्हणून मागा. जी बाजू ओठाला चिकटते तिच्यावर छापा. मंग हाय ठेवा, इथं पुसदवाले बरोबर आहेत. आन् नुसत्या क्वालिटीवर जाऊ नका, पेपर टाइप बदला: प्लेनवर शाई कमी सुटते, मॅट किंवा फोटोवर जास्त. एकाच फिल्मवर दोन-तीन पट्ट्या काढून बल्बसमोर धरा, ज्या पट्टीतून उजेड कमी येते ते तुमचं सेटिंग. आकडा विसरा.

हिशोबी_माणूस
आन् फाइल किती डीपीआयची (इंचाले किती ठिपके) आहे? प्रिंटरचा आकडा वेगळा, चित्राचा वेगळा.

पिंपळपार_आर्ट
फाइल तं अध्यक्षानं व्हॉट्सॲपवर पाठवली.

पुसदचा_पेंटर
झालं कल्याण. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करते, बैलाच्या शिंगाले पायऱ्या पडतील. कोरल सॉफ्टवेअरमंदी चित्र नवीन ट्रेस करा, नाव नवीन टाइप करा. फिल्म येईस्तोर साध्या कागदावर काढून खोबरेल तेल चोळा, मोठ्या अक्षराले चालून जाते. एक्स्पोजरचा (जाळीले उजेड दाखवायचा) टाइम तेवढा वाढवा, अन् तेल इमल्शनले लागू देऊ नका.

पिंपळपार_आर्ट
नागपूरहून फिल्म एसटीच्या पार्सलनं आली. मॅट अन् हाय ठेवलं, घट्ट काळं आलं, दोन तासात कोरडी झाली. पण ऊन नाही, सारखं आभाळ येऊन रायलं. पहिली फ्रेम कच्ची राहून धुतानाच वाहून गेली, दुसरीचा बैल आला पण एक कान गेला. ट्यूबलाइटवर किती मिनिट ठेवू?

पुसदचा_पेंटर
किती वॅट, किती ट्यूब, काचेपासून किती अंतर?

निवृत्त_मास्तर
सागवान नसेल तर आंबाही चालेल. चाकं मात्र लाकडाचीच पाहिजेत.