कुत्र्याच्या फुफ्फुसातले जंत, गोगलगायीमुळे होतात का?

देवगडकर: ताई इंग्लंडला असते, तिच्या कुत्र्याला दर महिन्याला लंगवर्मचं औषध देतात म्हणे. आमच्याकडे पावसात परसात, माडाच्या बुंध्याशी गोगलगायीच गोगलगायी आणि आमचा मोती त्या चघळतो. आता खोकतोय पण. घाबरायचं का?

गुहागरची मुलगी: तिकडे तो जंत खूप पसरलाय. कॉर्नवॉल, साऊथ वेल्स, दक्षिण इंग्लंड असा आधी होता, मग उत्तरेला सरकत गेला. तिथले कोल्हे तपासले तर २००५-०६ मध्ये ७.३ टक्क्यांत सापडला, २०१३-१४ मध्ये १८.३ टक्क्यांत, म्हणजे कोल्ह्यांतून गोगलगायीत, गोगलगायीतून कुत्र्यात असं चक्र चालूच राहतं. नाव लंगवर्म असलं तरी मोठे जंत हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत राहतात, पिल्लं फुफ्फुसातून खोकल्याबरोबर वर येतात, गिळली जातात आणि शी मधून बाहेर. सगळ्यात वाईट म्हणजे रक्त गोठत नाही, साधी जखम पण वाहत राहते. कुत्रा आपलं दुखणं सांगू शकत नाही हो, जीव तुटतो.

मालवणी माणूस: दादा, आपल्याकडे खोकला म्हटला की डासांमुळे होणारा हार्टवर्म पण असू शकतो, म्हणून घरी अंदाज नको. डॉक्टरकडे न्या आणि गोगलगायी खातो हे आठवणीने सांगा, ताजी शी सोबत न्या, त्यात जंतांची पिल्लं शोधतात. जंताचं औषध मनाने देऊ नका. पाण्याचं भांडं, खेळणी रात्री अंगणात ठेवू नका, गोगलगायी त्यावर चढतात.

देवगडकर: उद्याच नेतो. हिरड्यातून रक्त येतंय का तेही बघतो.