जुना म्हैसूर किर्लोस्कर लेथ घरच्या वर्कशॉपसाठी घेऊ का? सिन्नरला बघितलाय, जाणकारांनी सांगा

पाथर्डीफाटा_वर्कशॉप:
राम राम मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याला घर आहे, खाली बारा बाय अठरा फुटांचं गॅरेज. बेंच व्हाइस, ड्रिल मशीन, वेल्डिंग सेट सगळं झालं, लेथ, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत ठेवून टूलने तासायचं मशीन, तेवढा राहिलाय. वडील सातपूरला टर्नर (लेथ चालवणारे) होते, सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा मशीनपासून चार हात लांब उभं राहून बघत बसायचो, निळ्या पडलेल्या चिपा कशा गुंडाळत येतात ते. तेव्हापासून डोक्यात आहे. मला छोटी स्टीम इंजिनं करायचीयत, म्हणजे सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील, आणि घरची बुश-पिनची किरकोळ कामं.

दोन मशीनं बघून आलो. एक अंबडला डीलरकडे, साडेचार फुटी, बेल्टवरचा, नवाकोरा हिरवा रंग मारलेला, ७५ हजार म्हणतो. चालवून दाखवा म्हटलं तर म्हणे इथे कनेक्शन नाही, घेऊन जा, काही निघालं तर बघू. दुसरा सिन्नरच्या एमआयडीसीत एका बंद होत आलेल्या शॉपमध्ये, म्हैसूर किर्लोस्करचा ऑल गिअर, म्हणजे वेग गिअरने बदलणारा, रंग उडालेला, अंगभर काळा चिकटा, पण अजून लाइनीवर चालू आहे. मालक १ लाख १० हजार सांगतात, थोडं कमी करतील असं वाटतं.

मन सिन्नरकडे ओढतंय पण बेड (ज्यावर टूलचा भाग सरकतो तो लांब पाया) घासलेला असला तर काय करायचं, घरी थ्री फेज नाही, आणि एवढं धूड गॅरेजमध्ये न्यायचं कसं, हे तीन प्रश्न अडकलेत. बघायला जाताना नेमकं काय काय तपासू?

जुना_टर्नर:
दादा, अंबडचा सोडून द्या. कनेक्शन नाही म्हणणाऱ्याकडून लेथ घेऊ नये, चालताना गिअर काय बोलतात ते ऐकल्याशिवाय हेडस्टॉकचं (जॉब फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचं) काही कळत नाही. आणि रंगाखाली पुट्टी भरलेली असते, तडा गेलेलं कास्टिंगसुद्धा त्यात दडतं. काळा चिकटा असलेलं मशीन उलट चांगलं, त्या तेलाने बेड गंजापासून वाचलेला असतो. मी ३४ वर्षं लेथवर काढली त्यातली बरीचशी म्हैसूर किर्लोस्करवरच. ही कंपनी १९४१ साली हरिहरला सुरू झाली, आता बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिचं कास्टिंग कसं होतं ते हात लावला की कळतं.

आता तपासायचं. मॅग्नेटिक स्टँडवाला डायल (काट्याचं मोजमाप) न्या, एक शतांश मिमीचा. बेड सगळ्यात जास्त घासतो तो चकजवळच्या (जॉब पकडणाऱ्या तोंडाजवळच्या) फूटभरात, कारण रोजचे जॉब आखूड असतात, सॅडल (टूल वाहून नेणारा भाग) तिथेच पुढंमागं होत राहतं. टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) ज्या आतल्या पट्ट्यांवर बसतो त्या मात्र फारशा घासत नाहीत. म्हणून स्टँड सॅडलवर लावा, डायलचं टोक टेलस्टॉकच्या पट्टीवर टेकवा आणि सॅडल टेलस्टॉककडून चककडे हळूहळू आणा, काटा किती उतरतो ते लिहून ठेवा. मग तेच बाजूने करा, म्हणजे टोक पट्टीच्या उभ्या अंगाला टेकवून. दोन्ही आकडे लागतील, का ते नंतर सांगतो. डायल नसेल तर सॅडलचा जिब (ढिलेपणा आवळायची पट्टी) चकजवळ घट्ट करून सॅडल टेलस्टॉककडे न्यायचं, मध्येच आवळून बसलं की समजायचं तिकडे बेड कोरा आहे आणि इकडे खाल्लेला आहे.

स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) बघताना चकवर डायल लावू नका, चकचे जॉ घासलेले असले तर उगाच स्पिंडलला दोष लागतो. स्पिंडलच्या आतल्या टेपरला (निमुळत्या भोकाला) लावा. नंतर चकमध्ये लाकडी दांडका पकडून वर उचला, काटा किती हलतो तो बेअरिंगचा खेळ. हा खेळ बहुतेक वेळा सेट करता येतो, त्याला घाबरायचं नाही. क्रॉस स्लाइडचं (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचं) हँडल पाव फेरा फुकट फिरलं तरी घाबरायचं नाही, नट बदलला की जातं, गनमेटलचा नट तुम्ही त्याच लेथवर करू शकता. घाबरायचं ते तुटलेल्या दातांना आणि बेडला, बाकी सगळं दुरुस्त होतं.

शेवटी ३० मिमीचा बार चकमधून पाच-सहा इंच बाहेर काढून सेंटर न लावता एक हलका कट घ्या आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. पण टेपर आला, म्हणजे दोन टोकांच्या व्यासात फरक निघाला, म्हणून लगेच नाही म्हणू नका, मशीन लेव्हलला नसलं आणि बेडला पीळ असला तरी टेपर येतो.

सिडको_इलेक्ट्रिक:
थ्री फेजचं मी सांगतो, माझ्याकडे दोन वर्षं असंच चालू आहे. व्हीएफडी (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणारा डबा) लावा, सिंगल फेज इनपुट आणि २३० व्होल्ट थ्री फेज आउटपुटवाला. पण आधी मोटरची नेमप्लेट आणि टर्मिनल बॉक्स उघडून बघा. २-३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वायरी जोडायच्या दोन पद्धती) जोडलेल्या असतात, सहाच्या सहा वायरी बाहेर असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा केलं की तीच मोटर २३० वर चालते. मोठी मोटर ४१५ ला आधीपासूनच डेल्टात असेल तर हा मार्ग बंद, मग मोटर बदला नाहीतर महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज करा. आणि मोटर आणि व्हीएफडीच्या मध्ये जुना स्टार्टर किंवा स्विच ठेवू नका, चालू असताना तो उघडला की व्हीएफडी उडतो. जुनं फॉरवर्ड-रिव्हर्स हँडल ठेवायचंच असेल तर त्याची वायर व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला न्या, हँडल तसंच राहतं आणि हातालाही तेच बरं वाटतं. फ्रिक्वेन्सी फार खाली नेऊन कट घेऊ नका, मोटरचा पंखा मंदावतो आणि ती तापते, कमी स्पीड पाहिजे तर गिअर बदला. एक अजून, चक स्पिंडलवर आट्याने बसणारा असेल तर ब्रेकिंग टाइम जास्त ठेवा, मोटर झटक्यात थांबली तर चक सुटून अंगावर येतो. अर्थिंग पक्कं पाहिजे हे सांगायला नकोच पण सांगतो.

नाशिकरोड_पिकअप:
न्यायचं काम सोपं आहे पण घाईचं नाही. छोटा हत्ती नको, पिकअप किंवा आयशर घ्या. तिकडे हायड्रा क्रेनने चढवा, पट्टा बेडभोवती घ्या, लीड स्क्रू आणि फीड रॉड (सॅडल चालवणारे समोरचे दोन लांब दांडे) यांच्या आत लाकडी ठोकळे घालून, नाहीतर उचलताना ते वाकतात आणि मग रडायची वेळ. सॅडल टेलस्टॉककडे सरकवून लॉक करा, हेडस्टॉककडेच सगळा जड भाग असतो. लेथ वरून जड असतो, वळणावर आडवा होतो, म्हणून चारी बाजूंनी बांधा. गॅरेजमध्ये एक इंची पाइपांवर पहार लावून इंच इंच सरकवा, चार माणसं पुरतात. पायात चप्पल घालून कोणी येऊ नये.

पाथर्डीफाटा_वर्कशॉप:
मंडळी, रविवारी डायल घेऊन सिन्नरला जाऊन आलो. मालकांनी स्वतः मशीन चालू केलं, सगळे गिअर टाकून दाखवले, एका ठिकाणी थोडी घरघर आहे पण दात सगळे शाबूत. मोटर २ एचपी, स्टारमध्ये, सहा वायरी बाहेर, तो प्रश्न सुटला. टर्नर काकांनी सांगितल्याप्रमाणे मोजलं. वरून चकजवळच्या दहा इंचात काटा ०.०८ मिमीने उतरला, बाजूने ०.०२. स्पिंडल उचलल्यावर ०.०३. टेस्ट कटला १२० मिमीत ०.०४ चा टेपर. ०.०८ बघून जीव थोडा खाली गेला, बेड ग्राइंडिंगला पाठवावा लागेल का? आणि लीड स्क्रू इंची आहे, १२७ दातांचा गिअर सेटमध्ये नाही.

जुना_टर्नर:
घ्या. डोळे झाकून नाही, डोळे उघडे ठेवून घ्या. बाजूचा आकडा का मागितला ते आता बघा. टूल वरून ०.०८ खाली गेलं तर ३० मिमीच्या जॉबवर व्यासात एक मायक्रॉनचाही फरक पडत नाही, कारण टूल जॉबच्या कडेला वरखाली सरकतं, आत-बाहेर नाही. पण बाजूने ०.०२ गेलं की व्यासात सरळ दुप्पट, ०.०४. म्हणजे तुमचं खरं नुकसान तेवढंच, आणि तेही दहा इंचात. स्टीम इंजिनाचा दोन इंची सिलिंडर त्यात कुठे अडतो? बेड ग्राइंडिंगच्या भानगडीत पडू नका, ग्राइंड केला की सॅडल खाली बसतं, मग एप्रन (सॅडलचा पुढचा गिअरवाला भाग), लीड स्क्रू, फीड रॉड सगळंच परत जुळवायचं, तो खर्च मशीनएवढा होईल.

१२७ चा गिअर अंबडला गिअर हॉबिंगवाल्याकडून कापून घ्या, सोबत जुना एक गिअर नमुन्याला न्या म्हणजे डीपी (दातांचं माप) चुकणार नाही. तो लावल्याशिवाय मिलिमीटरचे आटे अचूक पडत नाहीत, इंचाचे २५.४ मिमी, त्याच्या पाच पट १२७, म्हणून तोच आकडा.

घरी आणल्यावर चिकटा रॉकेलने आणि ब्रशने काढा, बेडला पॉलिश पेपर अजिबात लावू नका, त्याची रेती खाचेत बसते आणि पुढची दहा वर्षं सॅडल खात राहते. जुना रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असतं, ओला घासा, मास्क लावा. सुटे गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने साफ होतात, चार्जरच्या दुसऱ्या टोकाला लावायची पट्टी लोखंडाची ठेवा, स्टेनलेसची नको, त्याने पाणी विषारी होतं. आणि पाथर्डीकडे खाली काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, गॅरेजची फरशी तिच्याबरोबर हलते. म्हणून पायांखाली लेव्हलिंग स्क्रू घाला आणि वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, लेव्हल बघत जा. तुमच्या ०.०४ मधला काही भाग त्या शॉपमधल्या फरशीचाच असणार, लेव्हल केल्यावर परत कट घेऊन इथे आकडा टाका.

पाथर्डीफाटा_वर्कशॉप:
काका, १ लाखाला ठरलं, ५ हजार टोकन देऊन आलो. शनिवारी पिकअप येतोय. वडिलांना फोटो दाखवला, त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, टूल पोस्ट कुठला आहे. शनिवारी तेही गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसणार आहेत. लेव्हल झाली की आकडा टाकतो.