फायरप्लेससमोर कोणती जाळी लावावी?

प्रश्न: न्यू जर्सीतील आमच्या जुन्या घरात लाकडावर चालणारी, ३६ इंच रुंद तोंडाची फायरप्लेस आहे आणि दीड वर्षांची मुलगी नुकतीच धावू लागली आहे. तीन पानांची घडीची जाळी घ्यावी की एकसंध सपाट?

उत्तर १: पाइनचे लाकूड तडतडून ठिणग्या उडवते, म्हणून जाळी बारीक विणीची, पोलादी आणि तोंडापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी रुंद असावी. पितळी नक्षीला भुलू नये. आमच्याकडे तिच्या फटीतून उडालेल्या निखाऱ्याने सतरंजीला रुपयाएवढे भोक पाडले.

उत्तर २: जाळी ठिणग्या अडवते, उष्णता नव्हे, ती स्वतःच चटका बसण्याइतकी तापते. शिवाय घडीची जाळी मूल सहज ओढून पाडते, त्यामुळे भिंतीला स्क्रूने बसणारे कुंपण पुढे, जाळीपर्यंत हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर लावावे.

प्रश्नकर्ती: मग कुंपण आधी घेते.