मदत हवी आहे: मोटार भरण्याच्या बिलाला ई-इनव्हॉइस लागतं का? (चिपळूण)

तांब्याचीतार:
नमस्कार मंडळी. चिपळूणला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे. मी एकटाच, घाईच्या दिवसांत एक पोरगा हाताखाली. विहिरीचे पंप, गिरणीच्या मोटारी, हॉटेलवाल्यांचे सबमर्सिबल, असली कामं. जीएसटी नंबर नाही, आजवर कुणी मागितला नाही.

जुलैत लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ४० एचपीच्या दोन मोटारी भरायला आल्या. जुनी कॉइल तोडली, वेढे मोजले, गेज लावून तार आणली, सगळं नीट केलं. व्हार्निश पावसात वाळेना, म्हणून दोनशेचे बल्ब आत सोडून वर ताडपत्री टाकली आणि रात्रभर राखण करत बसलो. मोटारी दुसऱ्या दिवशी गेल्या आणि अजून छान चालतायत. बिल ४६,०००. पैसे मात्र दोन महिने झाले तरी नाहीत.

त्यांच्या अकाउंटमधून फोन येतो: ‘ई-इनव्हॉइस द्या, आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड नसेल तर सिस्टीम बिल घेत नाही.’ मी नाक्यावरच्या सायबरवाल्याकडे गेलो. त्यानं झक्क रंगीत बिल काढलं, पीडीएफ करून मेल केला आणि म्हणाला, झालं तुमचं ई-इनव्हॉइस. नमुन्यातली १८ टक्क्यांची ओळ त्यानं तशीच ठेवली होती. ४६,००० वर ८,२८० जीएसटी, एकूण ५४,२८०, आणि जीएसटी नंबराच्या जागी नुसती रेघ! कंपनीनं ते परत पाठवलं. आता एक सॉफ्टवेअर विकणारा दुकानात येऊन बसतो. त्याचं म्हणणं, आता लहानमोठ्या सगळ्यांना सक्ती झालीय, आमचं पॅकेज घ्या नाहीतर दंड.

खरं कुणाचं धरू? वर्षाचा धंदा साधारण १३ लाख.

हिशेबनीस:
दादा, आधी त्या सॉफ्टवेअरवाल्याला चहा पाजून वाटेला लावा.

तिघेही ‘ई-इनव्हॉइस’ म्हणतायत आणि तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पीडीएफ मेल केली की ते ई-इनव्हॉइस होत नाही. जीएसटी नोंदणी असलेला विक्रेता आपल्या बिलाची माहिती सरकारमान्य इनव्हॉइस नोंदणी पोर्टलवर चढवतो. पोर्टल ती तपासून ६४ अक्षरी आयआरएन आणि सही केलेला क्यूआर कोड परत देतं. तो छापला की ते ई-इनव्हॉइस. तुमच्याकडे जीएसटी नंबरच नाही, तर पोर्टल तुम्हाला दारातही घेणार नाही.

सक्ती टप्प्याटप्प्यानं खाली आली हे खरं. १ ऑक्टोबर २०२० ला वर्षाची उलाढाल ५०० कोटींवर असलेल्यांना लागू झाली, मग १००, ५०, २०, १० करत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्यांना. तीही व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांना आणि निर्यातीला. तुमचे १३ लाख कुठे आणि ५ कोटी कुठे!

तांब्याचीतार:
मग कंपनी का अडून बसलीय? आणि एक ऐकलं की उलाढालीसाठी २०१७-१८ पासूनची सगळी वर्षं बघतात. माझी जुनी बिलबुकं २२ जुलै २०२१ च्या पुरात गेली. दुकानात छातीएवढं पाणी होतं. मोटारी धुऊन घेतल्या, वह्यांचा लगदा झाला. पुरावा काय देऊ?

हिशेबनीस:
२०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात ५ कोटी ओलांडले का, एवढंच बघतात. वह्या गेल्या म्हणून अडत नाही. रिटर्नच्या पावत्या आयकर पोर्टलवर मिळतात, बँकेचे उतारेही काढता येतात. पण तेही कुणी मागितले तरच.

कंपनीची भीती उगाच नाही. ज्याला ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे त्यानं साधं बिल दिलं, तर जीएसटीच्या नियम ४८(५) प्रमाणे ते बिलच धरत नाहीत, आणि घेणाऱ्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वळता करायची सोय) अडचणीत येतं. म्हणून त्यांनी सरसकट सगळ्या व्हेंडरांना एकच रकाना लावलाय. तुमच्या बिलात करच नाही, तर क्रेडिट कसलं? हे त्यांना लेखी कळवा, तोंडी नको.

रेघवालं बिल ताबडतोब रद्द करा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारताच येत नाही, आणि कराच्या नावानं घेतलेला पैसा सरकारकडेच भरावा लागतो. पैसे आले नाहीत, तेवढं नशीब. नवीन बिल साधं: तुमचं नाव, पत्ता, पॅन, क्रमांक, तारीख, काम, ४६,०००. खाली एक ओळ, ‘जीएसटी नोंदणी नाही’. ते कंत्राटी कामाचा १ टक्का टीडीएस कापतील, म्हणजे ४६० रुपये. ते रिटर्न भरताना वळते करून घ्या.

गुहागरकर:
१३ लाखांत काय काय धरलंय? माझा एसी दुरुस्तीचा धंदा आहे, मी इथेच फसलो होतो.

तांब्याचीतार:
भरणीची मजुरी, तार, बेअरिंग. गिऱ्हाइकाला कधी नवीन पंप आणून देतो, त्यात मला हजारबाराशे सुटतात, ते धरलेत.

गुहागरकर:
घ्या! पंप तुम्ही विकत घेऊन तुमच्या बिलावर विकता ना? मग पंपाची पूर्ण किंमत उलाढालीत येते, सुटलेले हजार नव्हे. घरभाडं येतं का काही?

तांब्याचीतार:
वरची खोली नर्सबाईंना दिलीय, महिना ४ हजार. पंप वर्षाला चारेक लाखांचे होतात. पंपाची पूर्ण किंमत मी धरलीच नव्हती, बाबा.

हिशेबनीस:
राहण्याच्या घरभाड्याला कर नसला तरी एकूण उलाढालीत करमाफ रक्कमही धरतात. म्हणजे १३ अधिक ४ अधिक ४८ हजार, साडेसतरा लाख झाले की. ४० लाखांची मर्यादा ऐकली असेल, ती फक्त माल विकणाऱ्यांना. तुमचं काम सेवेचं, त्यामुळे तुम्हाला २० लाख. ओलांडलेत की ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज. म्हणून दर महिन्याला एका वहीत बेरीज मांडत जा, आणि ती वही माळ्यावर ठेवा.

अजून एक. गोव्यातल्या गिऱ्हाइकाला मोटार भरून दिलीत तर २० लाखांपर्यंत चालेल. नवीन पंप विकून गोव्यात धाडलात तर पहिल्याच विक्रीला नोंदणी लागते.

तांब्याचीतार:
मग आताच नंबर घेऊन टाकू का? कंपनीवाले म्हणतात, नंबर असला तर काम वाढवू.

गुहागरकर:
मी त्याच मोहात घेतला. कंपनीला १८ टक्के परत मिळतात, पण वाडीतल्या गिऱ्हाइकाला कुठले मिळायला? त्याचं ३ हजारांचं काम ३,५४० ला जातं, तो शेजारच्या दुकानात जातो. रिटर्न विसरलं तर काम शून्य असलं तरी रोज २० रुपये लेट फी. कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीची ठोक कराची योजना) ६ टक्के भरून सुटता येतं, पण मग कंपनीला क्रेडिट मिळत नाही, तिच्या दृष्टीनं नंबर असून नसल्यासारखा. तुमचा निम्म्याहून जास्त धंदा कंपन्यांचा असेल तरच विचार करा. माझं मत, आत्ता नको.

उलट उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की पुढच्या कामांचे पैसे कंपनीनं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर केला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च त्यांना आयकरात धरता येत नाही. मार्च जवळ आला की याच कारणासाठी अकाउंटवाले आपणहून फोन करतात.

तांब्याचीतार:
सांगतो काय झालं ते. जुनं बिल रद्द म्हणून लेखी कळवलं. साधं बिल आणि सोबत पत्र दिलं: नोंदणी नाही, उलाढाल मर्यादेच्या आत, ई-इनव्हॉइसचा नियम मला लागू नाही. लोट्याला स्वतः जाऊन दिलं. तिथल्या मॅडमनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘मग आयआरएनच्या रकान्यात काय टाकू?’ मी म्हटलं, ‘लागू नाही’ टाका. त्यांनी टाकलं, आणि सिस्टीमनं घेतलं!

उद्यमचा अर्जही भरलाय. आज दुपारी पुन्हा फोन आला. पत्रावर शिक्का नाही म्हणे. शिक्का करायला टाकलाय, बुधवारी मिळेल.