गाडी जुनी झाली म्हणून विकायची, की इंजिन बांधायचं?

सासवड_रूट
काल या ग्रुपवर एकानं लिहिलं, "बारा वर्षांच्या गाडीत पैसा घालणं म्हणजे विहिरीत ओतणं. विका आणि हप्त्यावर नवी घ्या." वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गाडी 2011 ची, सहाटायरी ट्रक. 2017 ला सेकंडहँड घेतली. सीझनला सीताफळ, मग वाटाणा. रात्री सासवडला भरायची, दिवे घाट उतरून पहाटे मार्केट यार्डात खाली करायची. दोन महिन्यांपासून ऑइल खातेय, चढाला दम टाकते. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढून वर हात धरला की तळव्याला गरम फुंकर बसते, काळे थेंब उडतात. इंजिनाचे लायनर-पिस्टन गेलेत, त्यात वाद नाही.

फुल इंजिन बांधायचे, म्हणजे उघडून झिजलेलं सामान बदलायचे, मेस्त्रीनं 85 हजार सांगितले. नवीचं कोटेशन ऑनरोड साडेअकरा लाख. अडीच भरले तरी नऊचं कर्ज, 11 टक्क्यांनी 5 वर्षं, हप्ता साडेएकोणीस हजारांच्या वर. म्हणजे साडेचार हप्त्यांत माझं इंजिन बांधून होतं. पावसाळ्यात महिना महिना धड भाडं नसतं, तेव्हा हप्ता कुठून आणायचा?

गाडीचं वय बघू नका, चेसिस बघा, म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा सांगाडा. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चेसिस गेली की गाडी गेली.

चाकण_लाइन
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. दादा, तुमचा हिशेब अर्धाच आहे. गाडी उभी राहते ते दिवस कुठं धरलेत?

माझी जुनी गाडी चाकणला पार्ट टाकायची. आधी क्लचप्लेट, मग पंप, मग क्राउन-पिनियन. वर्षात गॅरेजला 1 लाख 70 हजार गेले. ते सोसलं असतं, पण तीनदा माल उशिरा पोचला आणि सहा वर्षांचं कामच हातचं गेलं. पार्टावाचून कंपनीची प्रॉडक्शन लाइन थांबली की तुमची चेसिस किती चांगली हे गेटवर कोणी विचारत नाही.

शिवाय 8 वर्षांपुढे दरवर्षी आरटीओचं पासिंग (गाडीची तपासणी), वर पर्यावरण कर. 22 सप्टेंबर 2025 पासून मालगाडीवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आलाय. जुनी अधिकृत केंद्रात स्क्रॅप केली तर त्या सर्टिफिकेटवर नवीच्या टॅक्समध्ये सूट मिळते. आता नाही घ्यायची तर कधी?

नोझल_मेस्त्री
27 वर्षं गॅरेज चालवतोय. नवी गाडी म्हणजे गॅरेज सुटलं, हे मनातून काढा. बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीला सायलेन्सरच्या लाइनीत काजळीचा फिल्टर असतो. गाडी लांब पळाली, तापली, तर काजळी जळते. मार्केट यार्ड ते हडपसर अशा फेऱ्या मारणाऱ्याची गाडी तापतच नाही. फिल्टर भरतो, दिवा लागतो, पिकअप जातो. मग लॅपटॉप लावून दोष बघणारा येईपर्यंत गाडी उभी. जुन्या इंजिनाचं सामान मला नाना पेठेत दुपारपर्यंत मिळतं.

आणि दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते असं लोक घाबरवतात, ते थांबवा. ते दिल्ली-एनसीआरचं आहे, पुण्याचं नाही.

वडगावची_ताई
इंजिन झालं, हप्ता झाला, जीएसटी झाला. घाट उतरणाऱ्या माणसाच्या तोंडी ब्रेकचा एक शब्द नाही.

मी वडगाव बुद्रुकला राहते. नवीन कात्रज बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत नुसता उतार. माझा धाकटा भाऊ तिथं सर्व्हिस रोडला लागत होता, मागून ट्रक आला. पायात रॉड आहे, आठ महिने अंथरुणात होता. ड्रायव्हर एकच सांगत होता, ब्रेक लागला नाही. अशा जुन्या गाड्या रस्त्यावर ठेवायच्या का, हा माझा प्रश्न आहे.

चाकण_लाइन
ताईंनी मुद्द्याला हात घातला. म्हणूनच जुन्या गाड्या हटल्या पाहिजेत.

सासवड_रूट
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण चाकणवाले, दुसऱ्याचं दुःख आपल्या बाजूनं वापरू नका! त्या उतारावर नव्या गाड्याही न्यूट्रलला टाकतात, अर्धा लिटर डिझेल वाचवायला. चौदा वर्षांत मी एकदाही घाट न्यूट्रलला उतरलेलो नाही.

चाकण_लाइन
वापरत नाहीये. माझाही ड्रायव्हर रोज तिथून जातो, मलाही रात्री फोन वाजला की धस्स होतं. तोंड सांभाळून बोला.

नोझल_मेस्त्री
दोघंही थांबा. न्यूट्रलला इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. ब्रेकचा ड्रम तापला की पेडल पूर्ण दाबलं तरी लायनर धरत नाही. कोणी इंजिनच बंद केलं, तर ब्रेकची हवा भरायची थांबते आणि पॉवर स्टिअरिंग दगड होतं. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलला उतरणं ही ड्रायव्हरची चूक.

पण ताईंचंही खरं आहे. माझ्याकडं येणाऱ्या दहा जुन्या गाड्यांत पाच जण इंजिनाला पैसे काढतात आणि ड्रमला म्हणतात, "पुढच्या वेळी बघू." सासवडवाले, तुम्ही ड्रम शेवटचा कधी उघडलात?

सासवड_रूट
गेल्या पासिंगला. अकरा महिने झाले.

वडगावची_ताई
अकरा महिने, आणि रोज दिवे घाट.

सासवड_रूट
बरोबर आहे, ताई. आधी ड्रम उघडतो.

नोझल_मेस्त्री
गाडी वर घेतलीच आहे तर मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, जिथं त्या चेसिसला टांगलेल्या असतात, माती खरवडून हातोडी मारा. चांगली चेसिस ठण्ण वाजते. आवाज फुटका आला तर मला सांगा.

सासवड_रूट (दोन दिवसांनी)
डावीकडं ठण्ण. उजवीकडं बसका आवाज आला. तारेच्या ब्रशनं घासलं, तर आधीच्या मालकानं मारलेली वेल्डिंगची पट्टी निघाली, वरून काळा रंग. पट्टीच्या कडेनं केसाएवढी चीर, बोटभर लांब. आठ वर्षं मी त्यावर माल भरत होतो.

चाकणवाले, वयाचं तुमचं म्हणणं मला अजून पटत नाही. पण चेसिस बघा असं मीच लिहिलंय, म्हणून 85 हजार थांबवलेत. उद्या चेसिसवाल्याला दाखवतो. रिव्हेट काढून तुकडा बदलण्यासारखा असला तर पुढं इंजिन. नसला तर विकणार नाही, स्क्रॅपला देईन. ही चीर रंगाखाली झाकून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही.

चाकण_लाइन
हे मान्य. स्क्रॅपची वेळ आलीच तर कागद काय लागतात ते मला विचारा, मी नुकतं केलंय. सीताफळाच्या सीझनला अडलं तर माझी एक गाडी रात्रीची मोकळी असते. डिझेल तुमचं.