मदत हवी आहे: दाराचं हँडल झिजलंय, स्वतः बदलता येईल का?

पामबीच
दाराचं हँडल पार झिजलंय. दाबलं की खाली जातं आणि तिथेच लोंबतं. कधी दार उघडतं, कधी नुसतंच फिरतं. नेहमीचा सुतार गावी गेलाय. दुसरा म्हणतो अख्खं लॉक बदला, दारही तासावं लागेल. मला फक्त हँडल बदलायचंय. नेरूळ-वाशीकडे चांगलं हँडल कुठे मिळेल आणि घरच्या घरी बसवता येईल का? लवकर सांगा, आज-उद्यात करून टाकायचंय.

रानजाई
कोणतं दार? मुख्य की आतलं? गोल नॉब आहे की लांब दांडीचं हँडल? दोन्हींचं गणित पूर्ण वेगळं असतं. फोटो टाका.

पामबीच
लांब दांडीचं. साधंच आहे, सगळ्यांकडे असतं तसं. फोटो अपलोड होत नाहीये. दुकान सांगा ना कुणीतरी.

नौपाडाकर
दुकान एकच, नागदेवी स्ट्रीट. हार्बरने मस्जिदला उतरा, चालत जा. अख्खी गल्ली हार्डवेअरची आहे, हँडल नुसतं दाखवलं की जोडीदार काढून देतात. ठाण्यात राहूनही मी तिथूनच सगळं आणतो. पितळेचंच घ्या, हातात जड लागतं. आमच्या जुन्या घरी वडिलांनी लावलेलं पितळी हँडल अजून तसंच आहे.

सेक्टर१९
एका हँडलसाठी मस्जिद बंदर कशाला? त्यात उद्या रविवार, हार्बरवर मेगाब्लॉक असला तर दिवस गेला. नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये (वसाहतीत) दोन-चार हार्डवेअरवाले आहेत.

कोडवाला
हँडलच्या भानगडीत पडू नका, डिजिटल लॉक लावून टाका. बोटाचा ठसा, कार्ड, पिन, सगळं चालतं. चावी हरवायची चिंता नाही. मी लावलंय आणि प्रत्येकाला हेच सांगतो.

निवृत्त_फिटर
पामबीच, आधी दोष कुठे आहे ते बघा, मग खरेदी. हँडलच्या मानेखाली बारीक ग्रब स्क्रू असतो, तो अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) सैल करा. प्लेटचे स्क्रू काढले की दोन्ही बाजूंची हँडलं सुटतात. मधली चौकोनी सळई पुन्हा लॉकमध्ये घालून पकडीने फिरवा. लॅच (दाराच्या कडेला आत-बाहेर होणारी जीभ) आत गेला आणि सोडल्यावर सळई आपोआप मागे आली, तर लॉक ठणठणीत आहे, हँडलची स्प्रिंग गेलीय. सळई नुसतीच फिरली, तर लॉकच्या आतला चौकोन झिजलाय. मग नवीन हँडल लावूनही उपयोग नाही. सळईचे कोपरे गोल झालेत का तेही बघा. सळई बहुधा ८ मिमीची असते.

सगळ्यात महत्त्वाचं माप: सळईच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या चावीच्या भोकाच्या गोल भागाच्या मध्यापर्यंतचं अंतर. पुष्कळ लॉकमध्ये ते ८५ मिमी असतं, छोट्या लॉकमध्ये कमी. हे जुळलं नाही तर प्लेट बसणार नाही. दाराची जाडीही मोजा.

घणसोली_गावठाण
एवढं खोलायची गरज नाही. लॅचवर स्प्रे ऑइल मारा, आमचं दार त्यानेच सुरू झालं.

निवृत्त_फिटर
स्प्रे मारून झिजलेला धातू परत येत नाही. शिवाय चावीच्या भोकात तेल गेलं की धूळ चिकटते आणि सिलिंडर (चावी जिथे फिरते तो भाग) जड होतो. तिथे ग्राफाइटची पावडर घालतात.

घणसोली_गावठाण
आमच्याकडे वर्षानुवर्षं तेलच घालतात, काही झालेलं नाही.

खाडीकिनारा
नवीन घेताना धातू बघून घ्या. झिंकवर मुलामा दिलेली हँडलं दिसायला छान असतात, पण आपल्याकडच्या दमट हवेत मुलामा फुगून सुटतो. स्टील घ्या, ३०४ ग्रेडचं. लोहचुंबक लावून बघायचं, चिकटला नाही की ३०४.

रानजाई
खाडीकिनारा, चुंबकाची खूण पुरेशी नाही. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. ग्रेड बॉक्सवर छापलेली असेल तरच विश्वास ठेवा आणि बिलावर लिहून घ्या.

नौपाडाकर
म्हणूनच पितळ म्हणतो. आणि कुलपाचं म्हणाल तर गोदरेजची सुरुवात १८९७ साली कुलपांपासूनच झाली, तीही आपल्या मुंबईत. तेव्हाची कुलपं घडवणाऱ्यांचा हात वेगळाच होता.

कोडवाला
म्हणूनच आता पुढे जायला हवं. डिजिटलला स्वस्त पर्यायही आलेत.

पामबीच
अहो, बाथरूमचं दार आहे ते! तिथे बोटाचा ठसा काय करू? काल आई आत अडकली. हँडल नुसतं फिरत होतं. तिच्या बोटांना संधिवात आहे, जोर लावता येत नाही. शेजारच्यांनी बाहेरून दार ढकलून कसंबसं उघडलं. ती घाबरलीय, आता दार लावायलाच तयार नाही. म्हणून घाई आहे.

रानजाई
हे आधी कळायला हवं होतं, सगळा सल्ला बदलतो. दुकानाचं नंतर बघू. आत्ताच्या आत्ता आतली कडी आणि टॉवर बोल्ट काढून टाका. लॅच आत दाबून त्यावर जाड चिकटपट्टी लावा, म्हणजे तो चौकटीत अडकणार नाही. दारावर पडदा सोडा. आईंना आडोसा मिळाला की त्या बिनधास्त जातील.

सेक्टर१९
माझ्या सासऱ्यांच्या वेळी हेच केलं होतं. आणि दार आत उघडतं का बाहेर? आत उघडत असेल आणि माणूस दाराशीच पडला तर बाहेरून दार ढकलताच येत नाही. जमेल तेव्हा बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं करून घ्या.

निवृत्त_फिटर
सेक्टर१९ बरोबर बोलताहेत, पण ते सुताराचं काम, चौकटीची खाचही बदलावी लागते. आज हँडलपुरतं बघू.

बाथरूमसाठी चावीचा सिलिंडर नको. आतून फिरवायची कळ आणि बाहेरून नाण्याने किंवा पेचकसाने उघडणारी खाच, असा प्रकार मागा. दांडी लांब आणि टोकाला आत वळलेली घ्या. बोटांनी पकडावी लागत नाही, मनगटाने किंवा कोपरानेही दबते, बाहीही अडकत नाही. गोल नॉब संधिवाताच्या माणसाला अजिबात देऊ नका. पितळ की स्टील हा वाद नंतर घाला, आधी हाताला हलकी चालणारी स्प्रिंग बघा, दुकानातच दाबून.

नीलमोहर
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, आमचं बाथरूमचं दार पावसाळ्यात खालून फुगतं. पीव्हीसीचं लावावं का?

खाडीकिनारा
पीव्हीसीला पाणी बाधत नाही, पण ते पोकळ असतं. जाड हँडलचे स्क्रू धरत नाहीत.

पामबीच
मोजलं. अंतर ८५ आहे. सळई पकडीने फिरवली, लॅच नीट आत-बाहेर होतो. म्हणजे हँडलच गेलंय ना? पण वरच्या प्लेटचे दोन स्क्रू नुसतेच फिरताहेत, लाकूड सैल झालंय. आणि जुन्या प्लेटचा डाग मोठा आहे.

निवृत्त_फिटर
हो, लॉक शाबूत आहे, त्याला हात लावू नका. सुताराला दार तासू देऊ नका. जुन्या भोकांत काडेपेटीच्या काड्या गुल काढून फेविकॉलमध्ये बुडवून ठासून भरा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू धरतील. त्याहून बरं म्हणजे दारातून आरपार जाणारे बोल्ट असलेलं हँडल घ्या, ते लाकडावर अवलंबून राहत नाही. प्लेट जुन्या डागाइतकी किंवा मोठी घ्या. जुनं हँडल, सळई आणि सिलिंडर पिशवीत घालून दुकानात न्या.

बसवल्यावर दार उघडं ठेवूनच दोन्ही बाजूंनी दाबून बघा. नंतर तुम्ही बाहेर थांबा आणि नाण्याने उघडून बघा. आईंना शेवटी बोलवा.

पामबीच
निघतोय. सिलिंडर काढताना दाराच्या कडेचा मधला लांब स्क्रू सोडायचा ना?

निवृत्त_फिटर
तोच. पूर्ण काढा, मग कळ थोडी थोडी फिरवत सिलिंडर ओढा. एका ठिकाणी आल्यावर अलगद सुटेल.